'घाटी' म्हणजे नेमकं कोण? शिरोळच्या ताईंना जरा लांबलचक उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. विचारणाऱ्या ताई मूळच्या शिरोळ तालुक्यातल्या, आता मुंबईत नोकरीला. मीटिंगमध्ये टीम लीडने सगळ्यांसमोर त्यांना "टिपिकल घाटी" म्हटलं. यांनी एचआरकडे तक्रार केली तर तिथल्या मॅडमनी मोबाईलवर हिंदी शब्दकोश उघडून दाखवला की घाटी म्हणजे व्हॅली, म्हणजे दरीखोऱ्यातले लोक, यात अपमान कुठं आला. आता ताई विचारतायत की शब्दाचा खरा अर्थ काय, ही शिवी आहे का नाही, आणि लेखी तक्रार द्यायची तर त्यात लिहायचं काय.

ताई, मी कोल्हापुरात बरीच वर्षं भाषांतराचं आणि मुद्रितशोधनाचं काम करतोय, आणि बोलीतले शब्द गोळा करायच्या नादानं शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा, चंदगड हा सगळा पट्टा हिंडलोय. हा शब्द माझ्या टेबलावर वरचेवर येतो. कधी कथेत, कधी कुणाच्या जबानीत, कधी सबटायटलमध्ये, आणि दरवेळी आधी बघावं लागतं की बोलणारा उभा कुठं आहे. तुमच्या बाबतीत उत्तर सोपं आहे, अपमानच आहे तो. मॅडमनी कोश नीट वाचला पण तो दुसऱ्या भाषेचा होता एवढंच.

हिंदीत घाटी म्हणजे दोन डोंगरांच्या मधली सखल जागा. काश्मीरच्या बातम्यांत "घाटी में तनाव" म्हणतात ते हेच, आणि आपण ज्याला सिंधू संस्कृती म्हणतो तिला हिंदीच्या पुस्तकात सिंधु घाटी सभ्यता म्हणतात. मराठीत या अर्थाला आपल्याकडं खोरं आहे, दरी आहे, घाटीची गरजच पडत नाही. गंमत म्हणजे हिंदी पट्ट्यातसुद्धा हा शब्द नेहमीच दरीचा नव्हता, १५७६ ची लढाई झाली ती हल्दीघाटी ही अरवलीतली खिंड आहे, म्हणजे तिथं अजून आपला मराठी अर्थ शिल्लक आहे. तर हिंदीतला घाटी खाली राहणारा आणि मराठीतला घाटी वर राहणारा. एकच अक्षरं, दिशा बरोबर उलटी. मॅडमच्या कोशाप्रमाणे गेलं तर उद्या चिपळूणचा माणूस घाटी ठरेल आणि चिपळूणकर ते कसं घेतील हे त्यांनी एकदा विचारून बघावं.

मराठीतसुद्धा घाटी एक नाही. "ती घाटी" म्हणजे छोटी चढणीची वाट, गाडीरस्ता होण्याआधी माणसं आणि बैल जायचे तसली. तिचं अनेकवचन घाट्या. "तो घाटी" म्हणजे माणूस, आणि त्याचं अनेकवचन घाटीच राहतं, बाई असेल तर घाटीण नाहीतर घाटण. मुद्रितं तपासताना हा फरक लई कामाला येतो, कारण "दोन घाट्या उतरून आले" आणि "दोन घाटी उतरून आले" यात जमीन अस्मानाचा फरक पडतो. शिवाय गळ्यातली घाटी वेगळी, पोरगं वयात येताना घाटी फुटते ती, जुन्या लिखाणात ती घांटी अशी अनुस्वार देऊन सापडते. हरभऱ्याचे घाटे आणि त्यावरची घाटेअळी यांचा तर डोंगराशी काहीएक संबंध नाही, पण मशीनवर भाषांतर करणाऱ्यांनी काय काय दिवे लावलेत ते मी बघितलंय. आणि छत्रपती संभाजीनगरला कुणी म्हणालं की "पेशंटला घाटीत नेलं" तर घाबरू नका, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला सगळं मराठवाडा घाटीच म्हणतो.

आता मुळाकडं येऊ. घाट म्हणजे उतरायची जागा. पंचगंगेचा घाट म्हणजे पाण्याकडं उतरायच्या पायऱ्या, आणि फोंडा घाट म्हणजे कोकणात उतरायची वाट. संस्कृतात घट्ट आहे तो पाण्याकाठच्या उताराचाच. आपल्याकडं घाट हे कायम वाटेचं नाव होतं, डोंगराचं नव्हतं. आंबा घाट, करूळ घाट, भुईबावडा घाट, अणुस्कुरा घाट, आंबोली घाट, प्रत्येकाला स्वतःचं नाव, प्रत्येक घाट दोन गावं जोडणारा. डोंगराला सह्याद्री म्हणायचं ते पोथीत, शाळेत. गावातलं माणूस डोंगर म्हणतंय नाहीतर कडा म्हणतंय. पोर्तुगीज, इंग्रज आले, त्यांनी वाटेला घाट म्हणताना ऐकलं आणि सबंध रांगेलाच ते नाव चिकटवलं, मग ते वेस्टर्न घाट्स आमच्या भूगोलाच्या पुस्तकात पश्चिम घाट होऊन परत आले. आता युनेस्कोच्या यादीतपण तेच नाव आहे, २०१२ पासून.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं मर्म पुढं आहे. तुम्ही शिरोळच्या. शिरोळ तालुक्यात डोंगर दाखवा मला. नरसोबाच्या वाडीला कृष्णा पंचगंगेचा संगम, सगळीकडं काळी सपाट रानं, ऊस, पुराची भीती, आणि डोंगर बघायचा तर पोरांची सहल काढून पन्हाळ्याला न्यायची. तरी तुम्ही घाटी. आणि सह्याद्रीच्या अगदी पायथ्याला, सकाळ संध्याकाळ चढउतार करत जगणारं वैभववाडीकडचं माणूस घाटी नव्हे. असं का?

कारण सह्याद्री हा आपल्या बाजूनं डोंगर वाटतच नाही, ती पठाराची कड आहे. गगनबावड्याला कोल्हापुरातून गेलात तर चढ असा फारसा जाणवत नाही, रस्ता हळूहळू वर जातोय, धुकं वाढतंय, गार लागतंय, आणि मग एकदम पुढची जमीनच संपते आणि खाली कोकण दिसतं. खालून बघणाऱ्याला मात्र आभाळाला टेकलेली भिंत दिसते. त्या भिंतीच्या पलीकडून जो कोणी येईल तो त्यांच्या लेखी घाटावरचा, मग तो घाटमाथ्यावरचा असो नाहीतर पार सोलापूर, धाराशिवकडचा, ज्यानं जन्मात घाट बघितला तो पण कोकणात उतरतानाच. म्हणजे घाटी हे डोंगरात राहणाऱ्याचं नाव नाहीच खरं तर, ते डोंगराच्या पलीकडून आलेल्याचं नाव आहे, आणि ते फक्त खालच्या बाजूनं पडतं. आपल्याकडं घरात, गावात, बाजारात कुणी स्वतःला घाटी म्हणून ओळख देत नाही. आम्ही फार तर देशावरचे, आणि ते पण लग्नाच्या बोलणीत कुणी विचारलं तर. नाहीतर कागलचा, गडहिंग्लजचा, जयसिंगपूरचा, संपला विषय.

आणि जे खरोखर डोंगरात राहतात त्यांचं बघा. दाजीपूरच्या बाजूला, शाहूवाडीच्या वरच्या अंगाला, गगनबावड्याच्या जंगलात डंगे धनगरांचे वाडे आहेत. मेंढरंवाले धनगर ते नव्हेत, हे म्हशी, गाई राखणारे, यांनाच काही भागात गवळी धनगर म्हणतात. डांग म्हणजे दाट रानाचा डोंगराळ मुलूख, त्यावरून डंगे. पिढ्यानपिढ्या पावसाच्या माऱ्यात, गव्यांच्या शेजारी राहिलेली ही माणसं. डोंगरात राहणारा या अर्थानं घाटी म्हणायचं तर पहिला मान त्यांचा, पण त्यांना कुणी घाटी म्हणताना मी आजवर ऐकलेलं नाही. मुंबईतल्या तुमच्या टीम लीडला ते अस्तित्वात आहेत हेही ठाऊक नसणार. सपाटीवरच्या माणसाला डोंगराचं नाव आणि डोंगरातल्या माणसाला साधी रस्त्याची पाटी पण नाही, असा सगळा उलटा कारभार.

याच डोंगराचा दुसरा शब्द घ्या, मावळा. मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती बाजू, पुण्याच्या पश्चिमेची खोरी, बारा मावळ. शिवाजी महाराजांच्या पायदळात तिथली माणसं होती आणि खाली कोकणातले हेटकरी पण होते, हेट म्हणजे खालचा भाग, हे नेमबाज म्हणून नावाजलेले. मावळा आज गाडीच्या काचेवर लावायचा शब्द झालाय, हेटकरी आता इतिहासाच्या पुस्तकाबाहेर कुठं दिसत नाही, आणि घाटी ही शिवी झाली. डोंगर एकच आहे, फरक पडला तो माणूस तलवार घेऊन भेटला का डोक्यावर बोजा घेऊन यानं. हे माझं मत आहे, कुणाला पटेल कुणाला नाही.

बोजावरून मुंबईकडं येऊ, कारण या शब्दाला विष चढलं ते तिथं. कोकणात घाटी हा शब्द आधीपासून होता पण तो बराचसा दिशादर्शक होता, थोडी चेष्टा असायची. मीठ, सुकी मासळी, नारळ वर जायचे आणि धान्य, गूळ, मिरची खाली यायची, बैलांचे तांडे घाट उतरायचे, एकमेकांशिवाय दोघांचंही चालत नव्हतं. घाटावरचा माणूस कोकण्याला हसायचा, कोकणी माणूस घाट्याला हसायचा, फिटंफाट. पण मुंबईत १८५० नंतर गिरण्या सुरू झाल्या, १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे झाली आणि वरची माणसं गाडीत बसून सरळ मुंबईत उतरायला लागली. कोल्हापूर मिरज रेल्वे १८९१ ची, त्यानंतर आपल्या भागालापण मुंबई जवळ आली. कोकणातला माणूस बोटीनं आधीच पोचलेला होता, गिरणीत चांगल्या खात्यात चिकटलेला होता, मुंबईची बोली त्याची झाली होती. मागून आलेल्या साताऱ्या कोल्हापूरच्या, पुणे जिल्ह्याच्या माणसाच्या वाट्याला गोदी, बाजार, हमाली, गाडा ओढणं असली अंगमेहनतीची कामं जास्त आली. माथाडी हा शब्द तिथलाच, माथ्यावर ओझं वाहणारा. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, तोवर या माणसांना ना पगाराची खात्री ना कसलं संरक्षण. अशा माणसाला ज्या शब्दानं हाक मारतात तो शब्द त्याच्या कामाच्या किमतीनं खाली येतो. जगात सगळीकडं असंच झालंय.

मग तिसरा थर चढला. ज्यांच्या घरी नोकरचाकर असायचे त्या जुन्या मुंबईकर घरांत, आणि ती बहुतेक मराठी नसलेली घरं, घाटी म्हणजे घरगडी आणि घाटण म्हणजे भांडीवाली असा अर्थ बसला. तिथं कुणी विचारत नव्हतं की बाई तू घाटावरची का घाटाखालची. आणि इथंच चक्र पुरं फिरलं, कारण त्या घरांच्या हिशोबात कोकणी पण घाटीच. ज्या कोकणी माणसानं साताऱ्याच्या माणसाला घाटी म्हणून नाक मुरडलं होतं त्याच्याच नातवाला आज मुंबईच्या कॉलेजात कुणीतरी घाटी म्हणतंय. तिथल्या पोरांच्या इंग्रजीत तर घाटी हा आता विशेषण झालाय, कपडे घाटी, उच्चार घाटी, डब्यातली भाजी घाटी. म्हणजे मराठी मीडियमचा, गावठी, पॉलिश नसलेला. तुम्हाला जो "टिपिकल घाटी" मारला तो या चौथ्या थरातला आहे, त्यात घाट नाही, डोंगर नाही, दरी तर नाहीच नाही.

गोव्यातला प्रकार अजून वेगळा. तिथं हा शब्द नाकातून येतो, घांटी, आणि तो घाटापलीकडच्या कुणालाही लागतो, बेळगावचा असो, कोल्हापूरचा असो, विजापूरचा असो. मराठी असणं नसणं तिथं गौण, बाहेरचा असणं महत्त्वाचं. त्याला राजकारणाची धार पण आहे, कारण गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ ला तिथं जनमत कौल झाला आणि लोकांनी विलीनीकरण नाकारलं. आपण गिळले जाऊ ही भीती ज्यांना वाटली त्यांच्या तोंडी हा शब्द कसा लागत असेल ते समजू शकतं. चंदगडवरून तिलारी उतरून गोव्यात भाजी, दूध घेऊन जाणारी आपली माणसं हा शब्द रोज ऐकतात आणि बहुतेक जण हसून सोडून देतात, धंदा करायचाय म्हटल्यावर काय करणार. कानडी मुलखातपण हीच वरखाली विभागणी आहे बरं का, मंगळूरकडं घट्टाच्या वरचे आणि घट्टाच्या खालचे असंच बोलतात. सबंध किनाऱ्याची ही नजर आहे, एकट्या मुंबईची नव्हे.

तुमच्या एचआर मॅडम बहुधा उत्तरेकडच्या असाव्यात असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, तर त्यांना त्यांच्याच बाजूचं उदाहरण देता येईल. पहाडी. आपल्याला मराठीत पहाडी म्हटलं की शाहिराचा आवाज आठवतो, आमच्या पिराजीराव सरनाईकांच्या आवाजाला पहाडी सोडून दुसरा शब्द लावलेला मी ऐकला नाही, म्हणजे पूर्ण कौतुकाचा शब्द. पण दिल्लीत एके काळी गढवाल, कुमाऊंकडून घरकामाला, हॉटेलात आलेल्या पोराला "ए पहाडी" अशी हाक असायची. त्याच पहाडी अस्मितेवर पुढं स्वतंत्र राज्याची चळवळ झाली आणि ९ नोव्हेंबर २००० ला उत्तराखंड झालं. नेपाळात जावा, तिथं पहाडी म्हणजे काठमांडूत सत्ता असलेला आणि तराईतला मधेसी म्हणजे कायम तक्रार करणारा, सगळं उलटं. जम्मू काश्मीरमध्ये तर पहाडी हा समाजगट म्हणून २०२४ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत गेला. एकच शब्द, एका ठिकाणी नोकर, एका ठिकाणी मालक, एका ठिकाणी सरकारी प्रवर्ग. मॅडमनी कोश उघडावा आणि यातला कुठला अर्थ सापडतो ते सांगावं.

लांबचं एक उदाहरण देतो कारण मला ते फार आवडतं. फ्रेंचमध्ये डोंगरातल्या माणसाला मोंतान्यार म्हणतात. फ्रेंच राज्यक्रांतीत रोबेस्पिएर, दांतों, मारा या जहाल मंडळींना हेच नाव पडलं, का तर ती सभागृहात वरच्या बाकांवर बसायची. त्यांच्या पुढाऱ्यांत डोंगरातला म्हणावा असा कोण होता, वकील, डॉक्टर असली शिकलेली माणसं. पुढं फ्रेंच व्हिएतनाममध्ये गेले आणि तिथल्या मध्य पठारावरच्या एदे, जराय, बाहनार अशा वेगवेगळ्या जमातींना सरसकट मोंतान्यार करून टाकलं. त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, पण खालून बघणाऱ्याला सगळे डोंगरवालेच. सखल भागातले व्हिएतनामी त्यांना पूर्वी मोई म्हणायचे, म्हणजे रानटी. त्या मानानं फ्रेंच शब्द सभ्य वाटला असेल म्हणा. तर पठारावरच्या दहा जातीच्या माणसांना खालून एकच नाव पडणं हा काही आपल्या सह्याद्रीचा शोध नाही.

आता दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर म्हणाल की मास्तर एकांगी बोलला. हा शब्द कायम कडूच असतो असं नाही. मुंबईत किराणा दुकानात घाटी मसाला मागा, तुम्हाला कांदा लसूण मसाला काढून देतील आणि वडापावच्या गाडीवर घाटी चटणी जरा जास्त टाक म्हणणारा गिऱ्हाईक मराठीच असतो असं काही नाही. म्हणजे माणूस घाटी असला की कमी आणि मसाला घाटी असला की एक नंबर. सरकारदरबारी तर डोंगराळ असणं फायद्याचं आहे, डोंगरी भागाचा दाखला काढायला तहसीलला पालकांची गर्दी असते आणि आमचं गाव त्या यादीत का नाही म्हणून भांडणारी माणसं मी बघितलीत. आपसात पण चालतं, मुंबईतल्या गावकीच्या खोल्यांवर एकत्र राहणारी पोरं एकमेकांना घाट्या म्हणतात त्यात नुसती माया असते. हल्ली काही जण टी-शर्टवर, प्रोफाईलवर अभिमानानं घाटी लिहितात. आमच्या कोल्हापुरात रांगडा या शब्दाचं हेच झालं, जुना अर्थ अडाणी, आडदांड, रीतभात नसलेला, आणि आता रांगडी भाषा, रांगडा तांबडा पांढरा म्हणून हॉटेलवाले बोर्ड लावतात. रांगडाचं जमलं ते घाटीचं जमेल का? मला शंका आहे. रांगडा हा शब्द आमच्याच तोंडात होता, आम्ही त्याला वळवला. घाटी दुसऱ्याच्या तोंडात आहे, आणि दुसऱ्याच्या तोंडातला शब्द टी-शर्ट घालून वळत नाही. एखाद्यानं स्वतःला म्हणवून घ्यावं, त्याची मर्जी, पण त्यानं स्वतःला म्हटलं म्हणून टीम लीडला परवाना मिळत नाही.

आणि हेही लिहितोच, राग आला तर येऊ दे. घाटी म्हटलं की आपलं रक्त खवळतं, आणि इचलकरंजीत लूमवर काम करणाऱ्या उत्तरेकडच्या पोराला आपणच भय्या म्हणतो, ते काही भाऊ म्हणून नव्हे. कोकणातून शिकायला आलेल्या पोराला कोकण्या म्हणतो. यंत्रणा तीच आहे, फक्त आपण त्या वेळी वरच्या पायरीवर असतो. म्हणून तुमची तक्रार कमी खरी होत नाही, पण तक्रारीत "आम्ही काय भय्ये आहोत का" छापाचं वाक्य चुकूनही घालू नका. असली वाक्यं मी मसुद्यात बघितलेली आहेत, त्यानं केस तिथंच बसते.

बोलीचा मुद्दा तुम्ही ओघात लिहिलाय पण तो मला महत्त्वाचा वाटला. तुम्ही म्हणता मीटिंगमध्ये तुम्ही "मी करतो, मी पाठवतो" म्हणालात आणि त्यावर हशा झाला, त्यानंतर ते वाक्य आलं. ताई, आपल्याकडच्या बायका पिढ्यानपिढ्या मी येतो, मी जातो असंच बोलत आल्यात, माझी आई तसंच बोलायची. ती चूक नव्हे, ती इथल्या बोलीची रीत आहे, पुण्यामुंबईच्या प्रमाण मराठीत ती नाही इतकंच. म्हणजे तुम्हाला घाटी म्हटलं ते बोलण्याच्या ढंगावरून. हे तक्रारीत आलंच पाहिजे, कारण त्यानं तो दरीबिरीचा बचाव जागेवर संपतो. दरीत राहणाऱ्याच्या क्रियापदाला कुणी हसत नाही.

आता लिहायचं काय. शब्दाची व्युत्पत्ती अजिबात लिहू नका, वर मी जे सगळं पाल्हाळ लावलंय ते तुमच्या माहितीसाठी, एचआरच्या फाईलसाठी नव्हे. व्युत्पत्तीत शिरलात की ते दुसरा कोश काढतील, मग तुम्ही तिसरा काढणार, आणि मूळ प्रसंग राहील बाजूला. प्रसंग लिहा. तारीख, वेळ, मीटिंग कसली, हजर कोण कोण, त्याच्या आधी तुम्ही कुठलं वाक्य बोललात, त्यावर कोण हसलं, आणि मग टीम लीड नेमका काय शब्दशः म्हणाला, ज्या भाषेत म्हणाला त्याच भाषेत, त्याच क्रमानं. "टिपिकल" हा शब्द गाळू नका, तो महत्त्वाचा आहे, कारण त्यानं तुमच्या एकटीबद्दलचं बोलणं सबंध भागातल्या लोकांवर जातं. तक्रार इंग्रजीत द्यायची असेल तर घाटी शब्द तसाच ठेवा, त्याचं हिलबिली वगैरे भाषांतर करू नका, तो अमेरिकेतल्या अॅपलेशियन डोंगराकडचा शब्द आहे आणि त्याची स्वतःची वेगळी भानगड आहे. त्याच्यापुढं एकच वाक्य घाला: मुंबईच्या बोलण्यात हा शब्द महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावरील व पलीकडील लोकांसाठी, तसेच एकूण मराठी भाषकांसाठी, हीनतादर्शक म्हणून वापरला जातो आणि तो माझ्या बोलीची चेष्टा करताना वापरण्यात आला. बास. याच्यापेक्षा जास्त स्पष्टीकरण लागत नाही.

साक्षीदार म्हणून मीटिंगमधल्या एखाद्या मराठी नसलेल्या सहकाऱ्याला विचारता आलं तर बघा. त्यानं इतकंच लिहून दिलं की "हा शब्द चांगल्या अर्थानं वापरत नाहीत हे मला माहिती आहे" तरी पुष्कळ झालं. हिंदी कोशाचा मुद्दा परत निघालाच तर मॅडमना शांतपणे विचारा की टीम लीडनं हा शब्द क्लायंटसमोर, क्लायंटला उद्देशून वापरला असता तर कंपनीनं काय केलं असतं. उत्तर लेखी मागा आणि त्या मेलची एक प्रत स्वतःच्या खाजगी मेलवर नको, छापून घरी ठेवा, बऱ्याच कंपन्यांत ऑफिसचा मेल बाहेर पाठवणं हाच वेगळा गुन्हा धरतात.

मसुदा झाला की इथंच टाका, नावं काढून. मी एकदा नजर घालतो.